कॅल्शियमचा पाटकरी

पेशंट खोलीत शिरला की कुठलाही भूलतज्ज्ञ आधी त्याचं नाव विचारतो. आमचे सर विचारायचे, "तुमच्या खानदानात ऑपरेशनच्या टेबलावर कोनी मेलं काय?"

हा प्रश्न ऐकून निदान दोन माणसं माझ्या देखत चपला हातात घेऊन पळालेली आहेत. त्यातल्या एकाला मी फाटकाजवळ गाठलं. तो म्हणाला, "हर्निया परवडला बाप्पा, तुमचा डॉक्टर नाई परवडत." आणि खरोखरच तो हर्निया घेऊन घरी गेला.

हिंगणघाटच्या अलीकडे हायवेला लागून ट्रस्टचं एक हॉस्पिटल होतं. तिथे मी आठ वर्षं भूल विभागात टेक्निशियन होतो. म्हणजे यंत्र तपासायचं, नळ्या मांडायच्या, औषधं भरून ठेवायची आणि सरांच्या शिव्या खायच्या. सर जवळच्याच खेड्यातले, शेतकऱ्याघरचे. शिकून डॉक्टर झाले, पण बोली काही सोडली नाही. अंगाने बुटके, आवाजाने चांगले सहा फूट. वरच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. सही करायची वेळ आली की खिशात हात घालायचे, थर्मामीटर निघायचं, मग माझं पेन घ्यायचे. ती पेनं मला कधी परत मिळाली नाहीत.

आणखी एक खोड म्हणजे प्रत्येक गोष्टीवर मुदत लिहिण्याची. औषधाच्या सिरिंजवर वेळ लिहायची हा नियमच आहे, तो आम्हीही पाळायचो. पण सरांच्या जेवणाच्या डब्यावरही पट्टी असायची, "दोन वाजेपर्यंत चालेल". खुर्चीच्या पाठीला पट्टी, "डावा पाय लवकरच जाईल". एकदा मी त्यांच्या ॲप्रनच्या आतल्या बाजूला पट्टी पाहिली, त्यावर त्यांच्या निवृत्तीची तारीख. मी हसलो तर म्हणाले, "माल कवा बाद होते ते मालालेच मालूम पाह्यजे."

तर तो प्रश्न. तो एकटा नसायचा. मागून पूर्ण वंशावळ यायची. मोठे वडील? त्यायचे पोट्टे? मामा? मामाचे मामा? कोनाले ऑपरेशनमध्ये ताप चढला काय? कोनी आखडलं काय? आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही, सोबत निदान चारजण असतात. तपासणीच्या त्या एवढ्याशा खोलीत सगळी मंडळी भिंतीला चिकटून उभी राहायची आणि सरांना ते फार आवडायचं. जितकी माणसं जास्त तितकी माहिती जास्त, हे त्यांचं गणित. आमचे सर्जन वैतागून म्हणायचे, "हा माणूस भूल देतो की सोयरीक जुळवतो?" त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. एका मूळव्याधवाल्या काकांनी ही चौकशी संपल्यावर माझ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, "पोरगा कोनत्या गावचा म्हनाला?"

हे सगळं एका औषधापायी. डॅन्ट्रोलीन त्याचं नाव. सर मात्र त्याला पाटकरी म्हणायचे. कालव्याच्या पाटाचं दार उघडणारा आणि वेळेवर बंद करणारा, तो पाटकरी. नवीन आलेल्या प्रत्येक नर्सला, वॉर्डबॉयला आणि एकदा तर पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सर उभं करून समजावून सांगायचे.

"हे पाह्य. आपल्या स्नायूच्या आत कॅल्शियमचं तळं राहते. हुकूम आला का गेट उघडते, कॅल्शियम सुटते, स्नायू आखडते. मंग गेट बंद, स्नायू ढिल्ला. बराबर? आता काही लोकायचं गेट जन्मापासूनच नादुरुस्त, खानदानातूनच येते ते. एरवी काहीच नाई, मानूस चांगला वखर चालवते, पोरंबाळं करते. पन भुलीचा गॅस लागला का ते गेट जे उघडते ते उघडंच राहते. सारं अंग आखडते, आतल्या आत भट्टी लागते, ताप चढत जाते, आन मानूस जाते. ते गेट बंद करनारं एकच औषध आहे दुनियेत. आला ध्यानात पाटकरी?"

फिल्टरवाल्याच्या ध्यानात आलं की नाही माहीत नाही. पण पुढच्या वेळी त्याने दुसऱ्या माणसाला पाठवलं.

असा पेशंट आमच्याकडे कधी आलाच नव्हता. सरांनी स्वतःही उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. तरीही दर वेळी खरेदीच्या बैठकीत ते या औषधासाठी टेबल बडवायचे. मिळायला ते महाकठीण, सांगूनही महिनोन्महिने यायचं नाही. आलं की कपाटात बसायचं आणि मुदत संपली की बाद व्हायचं. आमचे स्टोअरवाले भाऊ, औषधांच्या कोठीचे मुख्य, हे पाहून जिवाचा संताप करून घ्यायचे. "साहेब, वापरत नाई तर मांगता कायले?"

त्यावर सर जे करायचे ते मी दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात पाहिलेलं नाही. औषधाची मुदत संपली की ते आलूबोंड्यांची पार्टी द्यायचे. सगळ्या थिएटरला. टोपलीभर आलूबोंडे, तळलेल्या मिरच्या, आणि मध्ये टेबलावर त्या बाद झालेल्या बाटल्या मांडलेल्या. "खा लेकहो. यावर्षीबी कोनी आखडून मेलं नाई." स्टोअरवाले भाऊ निषेध म्हणून एकच खायचे. मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून आणखी तीन.

पण ती पार्टी फुकट नसायची. खाऊन झालं की बाद बाटल्या हलवायच्या. ते औषध म्हणजे बाटलीच्या तळाशी नारिंगी-पिवळी पावडर, भारी हट्टी. प्रत्येक बाटलीत साठ मिली शुद्ध पाणी घालायचं आणि स्वच्छ होईस्तोवर खळाखळा हलवत राहायचं. एका माणसाला एक बाटली पुरत नाही, सात-आठ लागतात, तीही ताबडतोब. म्हणून सर सगळ्यांना हलवायला लावायचे. नर्स, झाडूवाल्या मावशी, धुलाईघरातला गडी, कोणी सुटायचं नाही. स्टोअरवाले भाऊ म्हणायचे, "माहा खांदा दुखते साहेब." सर म्हणायचे, "दुपारी कॅरम खेळता तवा कुठी जाते खांदा? हालवा." तेलकट हातांनी बाटल्या हलवणाऱ्या आमच्या त्या घोळक्याकडे बघून बाहेरच्या पेशंटांना काय वाटत असेल देव जाणे. माझं मत स्पष्ट होतं. सर विद्वान आहेत आणि थोडे वेडे आहेत, आणि मला घरी लवकर जायचंय.

एक गोष्ट मात्र त्यांची मला मनापासून आवडायची. भूल देताना ते पेशंटला कामाच्या गप्पांत गुंतवायचे. तूर केवढी झाली, दुकान कुठं टाकलं, बैल केवढ्याचा घेतला. माणूस सांगता सांगता अर्ध्या शब्दावर झोपायचा. आणि दोन तासांनी डोळे उघडले की सर तिथूनच सुरू करायचे, "हं, मंग तुरीचं काय म्हनून राह्यलता?" भेदरलेली माणसं त्याने हसायची. मी पुढे इतर ठिकाणी हे करून पाहिलं, पण मला पुढचं वाक्य आठवतच नाही.

वैशाली आली ती पित्ताशयातल्या खड्यांसाठी. तिशीची, शिवणकाम करणारी, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. सोबत सासू, सासरे आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला नवरा. तपासणीच्या खोलीत सरांनी नेहमीचा फेरा सुरू केला. सासरच्यांची वंशावळ सासूने स्वतः सांगितली, अभिमानाने, तीन पिढ्या. कोणाला साधं गळूसुद्धा झालेलं नव्हतं. मग सर वैशालीकडे वळले. "अन तुह्या माहेरी? कोनी टेबलावर गेलं, ताप चढून?"

वैशालीने सासूकडे पाहिलं. पदर सारखा केला. "नाई जी. कोनी नाई."

कागद माझ्या हातात होता. मी "नाही"वर खूण केली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला ती टेबलावर होती. सर म्हणाले, "ब्लाऊजचे गळे किती परकारचे शिवतेस वं?" ती म्हणाली, "बोट गळा, पान गळा, मटका ग..." आणि झोपली. गॅस सुरू झाला, स्नायू सैल करायचं नेहमीचं इंजेक्शन दिलं. स्नायू सैल होण्याऐवजी जबडा घट्ट मिटला. सरांनी मोठ्या कष्टाने नळी घातली. मी मॉनिटरकडे पाहिलं तर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढत होता आणि नाडी पळत होती. सर्जनची सुरी अजून लागलीसुद्धा नव्हती. सरांनी तिच्या मानेला हाताची मागची बाजू लावली, मग कोपर वाकवून पाहिलं. कोपर वाकेना.

एरवी कात्री सापडली नाही तरी हॉस्पिटल डोक्यावर घेणारा माणूस, त्या वेळी अगदी हळू बोलला. "गॅस बंद. पाटकऱ्याले बोलवा."

पुढची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. कोणाला काही सांगावं लागलं नाही. सात बाटल्या सात हातांत गेल्या. सर्जन हलवत होते, नर्स हलवत होत्या, मावशी हलवत होत्या. स्टोअरवाले भाऊ कुठल्याशा कपाटाच्या चावीची तक्रार घेऊन दारापर्यंत आले होते, त्यांच्याही हातात एक आली आणि ते दोन्ही हातांनी, कचाकचा शिव्या देत, खांदा निखळेल असं हलवत होते. मीही हलवत होतो, घरी लवकर जायचं त्या दिवशी आठवलंही नाही. धुलाईघरातला गडी समोरच्या रसवंतीवरून बारदान्यात गुंडाळून बर्फाची आख्खी लादी घेऊन आला. एकेक बाटली पिवळी स्वच्छ झाली की सर ती शिरेत सोडत होते आणि नुसते आकड्याकडे पाहत होते. पाचवी गेली तेव्हा आकडा थांबला. सातवी गेली आणि तो उतरू लागला. सरांनी पुन्हा कोपर धरलं.

"वाकला," ते म्हणाले. मग भिंतीला पाठ लावून तिथेच जमिनीवर बसले.

ऑपरेशन रद्द झालं आणि वैशाली दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. नळी निघाली, शुद्ध नीट आली, तेव्हा सर मुद्दाम गेले. मी सोबत होतो. सर नेहमीच्या थाटात म्हणाले, "हं, मटका गळा. मंग पुढं?"

ती हसली नाही. तिने आधी आजूबाजूला बघितलं. खाटेजवळ आम्ही दोघंच. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माहा मामा असाच गेला. हात मोडला होता, ऑपरेशनले नेलं, ताप चढला, आखडून गेला."

सर खाटेच्या कडेला टेकले. "मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही आत्याबाईसमोर इचारलं ना जी," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "लग्नाच्या येळी मायनं लपवलं होतं. त्यायच्यासमोर कशी सांगू माहेरचं? घरात कोनी शिंकलं तरी माह्याच माहेरावर आलं असतं."

सर बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. दोन वाजून गेले तरी डबा उघडला नाही. मी शेजारी बसलो. मला स्वतःची लाज वाटत होती, कारण ती खूण माझ्या हातची होती. खोलीत चारजण होते आणि ती सासूकडे बघून बोलली, हे मला दिसलं होतं. दिसूनही कळलं नव्हतं.

"पंचवीस वर्ष," सर म्हणाले. "पंचवीस वर्ष बायायले त्यायच्या सासवायसमोर इचारून राह्यलो. किती जनींनं खोटं सांगतलं असन, अन मी त्यायले गॅस देल्ला. वाचल्या त्या त्यायच्या नशिबानं. माह्या हुशारीनं नाई."

त्यांना इतकं खचलेलं मी त्याआधी आणि नंतरही पाहिलं नाही. मी त्यांना आलूबोंडा आणून दिला. त्यांनी तो खाल्ला नाही.

आणि मग लपवलेलं बाहेर आलंच. वैशालीची आई गावाहून भेटायला आली, लेकीचा सुजलेला चेहरा बघितला आणि सासूच्या देखत गळा काढला, "माह्या भावावानीच झालं वं माय!" झालं. सासूने वॉर्डात उभं राहून सुनावलं. फसवून पोरगी दिली. रोग लपवून लग्न लावलं. "घरी जायची गोठ नाई. सुट्टी झाली का इथूनच माहेरी न्या." नवरा खिडकीतून हायवेवरचे ट्रक मोजत असल्यासारखा उभा. पाच वर्षांची पोरगी घरी शेजाऱ्यांकडे होती, ती कोणाकडे राहणार हे कोणी बोललंच नाही. वैशाली मात्र त्याचाच विचार करत होती. मला ती दोनदा म्हणाली, "पोरीले घेऊन जाऊ देतीन ना हो?" मी काय सांगणार? "देतीन," म्हटलं.

सुट्टीच्या दिवशी सरांनी सगळ्यांना तपासणीच्या त्याच खोलीत बोलावलं. वैशालीची पिशवी भरलेली होती, माहेरची गाडी अडीचची, आई आदल्याच दिवशी गावी गेलेली. सरांनी घसा साफ केला.

"हे रक्तातलं आहे. तुमच्या नातीतबी असू शकते. उद्या तिचं ऑपरेशन लागलं तर डॉक्टरले मालूम पाह्यजे. आता हे माहेराकडून आलं का सासरकडून, ते पक्कं कराले एक तपास राहते. मांडीचा तुकडा काढून पाह्यतेत."

"कोनाच्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"साऱ्यायच्या. तुमच्या, आजीच्या, पोराच्या. एवढा," असं म्हणून सरांनी बोटांनी आलूबोंड्याएवढं माप दाखवलं. "तुमच्याकडे काहीच नाई म्हनता ना? मंग भ्यायचं काय?"

तपासणी खरी आहे, मांडीचा तुकडाही खरा आहे. पण ती कुठे लांब मोठ्या शहरांत होते, माप नखाएवढं असतं, आणि सुनेचं माहेर वाईट हे सिद्ध करण्यासाठी ती जगात कोणी करत नाही. सर बेधडक थापा मारत होते आणि त्यांचा चेहरा देवळातल्या पुजाऱ्यासारखा शांत होता. सासऱ्यांचा हात नकळत स्वतःच्या मांडीवर गेला. नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं, "आई, जाऊ दे ना."

सासूने वैशालीच्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सारे बाहीर जा."

"मीबी?" सासरे.

"तुम्ही आंधी."

सरांनी मला डोळ्यांनी खूण केली, मीही निघालो. दार बंद झालं, आत फक्त सर आणि सासू. बाहेरच्या बाकावर आम्ही चौघं. सासरे दर मिनिटाला विचारत होते, "काय बोलून राह्यली असन?" वैशाली पिशवीचे बंद हातात घट्ट धरून घड्याळाकडे बघत होती. अडीच वाजले. गाडी गेली असणार. तिच्या ओठांना कोरड पडलेली मला दिसत होती, आणि मला सरांचा राग येत होता. मांड्या कापायच्या गमती करायची ही वेळ होती का?

दार उघडलं. सासूचे डोळे लाल होते. ती कोणाशी काही बोलली नाही. सरळ वैशालीपाशी आली, तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. "चाल. पोरगी वाट पाहून राह्यली." मग सासऱ्यांकडे आणि मुलाकडे वळून म्हणाली, "अन तुम्ही काय पाह्यता? ऑटो बोलवा."

ती गेल्यावर मी खोलीत शिरलो. सर कागदावर काहीतरी लिहीत होते, माझ्याच पेनाने.

"काय म्हनाली?"

"पेशंटचं सांगता येत नाई."

"ती कुठं पेशंट आहे?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "चाळीस वर्ष झाले तिच्या लग्नाले. तिच्याबी माहेरचं एक होतं, लपवून देल्ली होती तिलेबी. या घरात आजपोतर बोलली नाई ती. नवऱ्यालेबी मालूम नाई."

"पण काय होतं?"

"तू टेक्निशियन आहेस लेका, सोयरीक जुळवनारा नाई."

महिन्याभराने वैशाली दाखवायला आली, राहिलेलं ऑपरेशन आता गॅसशिवायच्या भुलीने करायचं होतं. तब्येत सुधारलेली, पिवळसर ब्लाऊज, गळा बहुधा मटकाच. सोबत पुन्हा तेच सैन्य, या वेळी पोरगीसकट. आता नियम बदलला होता. सर प्रत्येक बाईला एकटीला विचारायचे आणि बाकीच्यांना बाहेर काढायला आम्हाला रोज भांडावं लागायचं. सासवा दाराला कान लावायच्या, नवरे म्हणायचे, आमच्यात अशी काही लपवालपवी नाही. मी कंबर कसून उभा राहिलो.

सरांनी कागद पुढे ओढला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात सासूच उठली. तिने नातीचा हात धरला, दुसऱ्या हाताने सासऱ्यांच्या सदऱ्याची बाही ओढली.

"उठा," ती म्हणाली. "आपन बाहीर बसू. तिले बोलू द्या."